मराठी कपाटं बाद करायची आहेत, मदत हवी (नवी नोकरी, वाचनालय, बडोदे)

बारणं_उघडं | रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसती वाचत होते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण घरी विचारायची सोय नाही. घरी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एकच आहे, "बँकेच्या परीक्षा दे."

वय २३, राहणार दांडिया बाजार. बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालं आणि दीड महिन्यापूर्वी एका ट्रस्टच्या वाचनालयात लागले. नाव सांगत नाही, पगार सांगते: १३,०००. पहिल्याच दिवशी मी 'बेन' झाले. माझ्या आजोबांच्या वयाची माणसं "बेन, पंखो फास्ट करो ने" म्हणतात आणि मी मागे वळून बघते, कोण बेन आलीय.

मुलाखतीत "पुस्तकांची आवड आहे" म्हटल्यावर कमिटीतले एक साहेब गालात हसले होते. का ते आता कळतं. दहाला कुलूप काढायचं, छापी (तुमच्याकडचे पेपर) काठ्यांना लावायची, टेबलं पुसायची. अकरापासून स्पर्धा परीक्षांवाली मुलं. पुस्तकं त्यांची, बाटल्या त्यांच्या, आमचा फक्त पंखा आणि वायफाय. पासवर्ड दिवसातून पंधरा वेळा सांगते. एक काकू रोज एकाच मासिकातलं कोडं पेनाने सोडवतात. पेन्सिल पुढे केली तर म्हणाल्या, मला नाही फावत. साडेसातला बंद, मग ॲक्टिव्हा, वाटेत आठवड्यातून दोनदा सेवऊसळ. (आई इथे नाहीये, तरी कोणी सांगू नका.)

दुपारचे दोन ते चार मात्र माझे. अर्धा हॉल डुलक्या घेत असतो, देवघेवीच्या खिडकीवर कुणी येत नाही, आणि मी पुस्तकं जागेवर लावायच्या निमित्ताने कपाटापाशी उभ्याउभ्या वाचते. बसून वाचलं तर कामचुकार दिसते, उभं राहून वाचलं तर कामात दिसते. हा शोध माझा.

माझी शाळा गुजराती माध्यमाची. मराठी घरात, तीही बोलायची. आजी दुपारी मोठ्याने वाचायची आणि मी शेजारी पडून अक्षरं न्याहाळायची. तेव्हा मला वाटायचं, मराठी म्हणजे डोक्यावर रेघ ओढलेली गुजराती. ग, म, न, प ओळखीचे, फक्त क, ख, ज, झ, फ वगैरे मंडळींनी वेष बदललेला. पहिली अख्खी मराठी कादंबरी आठवीत वाचली, सव्वा महिना लागला. अजूनही 'ऱ्य' आला की गाडी जरा अडते.

आता मुद्दा. आमच्याकडे मराठीची नऊ कपाटं आहेत, दोन हजारांवर पुस्तकं. परवा कमिटीने सांगितलं की मराठीची देवघेव गेल्या दीड वर्षात जवळजवळ शून्य आहे, तेव्हा ती बाद करून वरची जागा मुलांच्या अभ्यासिकेला द्यायची. काय ठेवायचं त्याची यादी मी करायची, कारण मराठी वाचता येणारी मी एकटी. ठेवायच्या पुस्तकाला हिरवी टिकली, बाकी रद्दी. मुदत एक महिना.

कॉम्प्युटरवर बघून निवडावं तर आधीच्या डेटा एंट्रीवाल्याने मराठी नावं गुजराती लिपीत, तीही कानाने ऐकल्यासारखी टाइप केली आहेत. 'ज्ञान' शोधलं की शून्य. 'ग्यान' शोधलं की सतरा पुस्तकं.

निकष काय लावू? कुणी असं काम केलंय का?

सेवऊसळ_पुणेकर | रविवार, रात्री ११.२०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझं बालपण रावपुऱ्यात गेलं, आता पुण्यात. अगं, ज्या सयाजीरावांनी सबंध संस्थानात फुकट वाचनालयं काढली त्यांच्या गावात मराठी पुस्तकं रद्दीत? एकही पुस्तक देऊ नकोस. उपोषणाला बस, आम्ही येतो.

खवचट_खारीक | सोमवार, सकाळी ७.०५

सेवऊसळ, येताना दोन हजार पुस्तकं ठेवायला पुण्यातला तुमचा टू बीएचके मोकळा करून या.

धागाकर्ती, कमिटी चुकीचं काही बोलत नाहीये. वाचनालय म्हणजे वस्तुसंग्रहालय नाही. बाद करणं हा ग्रंथपालाच्या कामाचाच भाग आहे, बी.लिब.ला शिकवलं असेल. आणि सयाजीरावांचं नाव घेताच आहात तर त्यांचा हिशोबही बघा. गावाला वाचनालय हवं असेल तर एक तृतीयांश पैसे गावाने जमवायचे, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायचे, उरलेले सरकारने. म्हणजे ज्याला वाचायचंय त्याने आधी खिशात हात घालायचा. आज खुर्च्या अडवून बसलेली मुलं हाच तुमचा वाचकवर्ग आहे. त्यांना जागा द्या.

राजवाडा_इंदूर | सोमवार, सकाळी ९.३०

वाचतोय. आमच्या इंदुरात काही वेगळं चाललेलं नाही. घरोघरी मराठी बोलणारे, पण तिसऱ्या पिढीला जोडाक्षर आलं की दम लागतो. खारीक कडू आहे पण औषधी आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बारणं_उघडं | सोमवार, रात्री ९.४५

सगळ्यांचे आभार. सेवऊसळकाका, उपोषण मला झेपणार नाही, मला चार वाजता भूक लागते.

खारीकदादा, बरंचसं पटलं. आज दोन कपाटं बघितली. १९९० च्या आसपासची दहावीची गाइडं तेवीस. एकाच कादंबरीच्या सात प्रती, त्यातल्या दोनांना पाठच नाही. कसरीने जाळी केलेलं एक पंचांग. याला हिरवी टिकली लावायला माझाही हात धजावला नाही.

पण एक सांगू? कॉलेजात असताना आम्हाला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत नेलं होतं. तिथे कपाटांच्या मजल्यांना काचेची फरशी आहे, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. आपण चालत असतो आणि खालच्या माणसाला डोक्यावर तळव्यांच्या सावल्या दिसतात. ती फरशी बघून मी ठरवलं होतं की हेच काम करायचं. दहावीच्या गाइडांना टिकल्या लावताना आज ते आठवलं, बस. तक्रार नाही.

देवघेव_निवृत्त | मंगळवार, पहाटे ५.४०

मी ३४ वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली अठरा देवघेव विभागात. तुझ्याशी अगंतुगं करते, चालेल ना?

निकषांचं नंतर सांगते. आधी मला चार गोष्टी सांग. "वरची जागा" असं तू लिहिलंस. वर म्हणजे कुठे? जिना कसा आहे? तुमचे मराठी वाचक साधारण काय वयाचे? आणि पुस्तकांतल्या तारीखचिठ्ठ्या जागेवर आहेत का? असतील तर कॉम्प्युटर राहू दे बाजूला. शंभर पुस्तकं काढ, कुठलीही, आणि शेवटचा शिक्का कुठल्या तारखेचा ते वहीत उतरव.

खवचट_खारीक | मंगळवार, सकाळी ८.१५

डिटेक्टिव्ह व्योमकेश बक्षी, ग्रंथपाल आवृत्ती.

बारणं_उघडं | बुधवार, रात्री ११.३०

ताई, चालेल काय, उलट बरं वाटलं.

आता नीट वाचा सगळे. मला अजून झोप येत नाहीये.

कपाटं माळ्यावर आहेत. लोखंडी जिना, सतरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, आणि वळणावर डोकं वाकवावं लागतं. मी २३ वर्षांची, तरी ओढणी कमरेला खोचून चढते.

आज दुपारी दोन ते चार उभ्याने वाचायच्या ऐवजी माळ्यावर फतकल मारली आणि चिठ्ठ्या बघितल्या. पहिल्या पुस्तकावर शेवटचा शिक्का १४ ऑगस्ट २०२४. दुसऱ्यावर मार्च २०११, तो सोडा. तिसऱ्यावर ९ ऑगस्ट २०२४. पाचव्यावर २१ ऑगस्ट २०२४. वीसेक झाल्यावर हात गार पडले. शंभरातल्या एकेचाळीस पुस्तकांवरचा शेवटचा शिक्का २०२४ च्या जून, जुलै किंवा ऑगस्टचा. त्याच्या पुढे एकही नाही. चिठ्ठीवर जांभळ्या शिक्क्यांची रांग खाली उतरत येते आणि एकदम कोरा कागद.

बडोदेकरांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी: ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री शहरात शिरली होती. रस्त्यावरच्या मगरींचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आमचं वाचनालय नदीपासून फार लांब नाही.

खाली जाऊन शिपाईभाईंना विचारलं. ते चहा गाळत होते. गाळता गाळताच म्हणाले, "पाणी आव्युं'तुं ने, त्यारे में ज उपर चडावी'ती. पछी कोईए कह्युं ज नहीं के उतारो." पाणी आलं तेव्हा यांनीच पुस्तकं वर चढवली, नंतर कुणी उतरवा म्हणालंच नाही. तेव्हाचे ग्रंथपाल त्याच दिवाळीत निवृत्त झाले. वर्षभर जागा रिकामी होती. मग मी आले, आणि मला वाटलं ही कपाटं जन्मापासून वरच आहेत.

वाचकांची वयं: जुन्या वर्गणीदार वहीत मराठी घेणारे ५८ जण सापडले. जन्मसाल लिहिलेल्यांपैकी सगळ्यात तरुण बाई ६४ वर्षांच्या.

सेवऊसळ_पुणेकर | गुरुवार, सकाळी ६.५०

अरे देवा. गुडघे!!

देवघेव_निवृत्त | गुरुवार, सकाळी ७.१०

मला वाटलंच होतं. आमच्याकडे हाच प्रकार बालविभागाचा झाला होता. फडताळं नवी केली, उंच केली, आणि वर्षअखेरीस अहवालात लिहिलं की मुलांना वाचनाची गोडी राहिली नाही.

रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री परीक्षेपुरती पाठ केली असशील, १९३१ ची. तिसरं सूत्र म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. आपण त्याचा अर्थ असा घेतो की पुस्तकाने कपाटात बसून वाट बघावी. बडोद्यात तसं कुणी बसू दिलं नव्हतं. १९१० साली महाराजांनी बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणलं. तो जेमतेम तीन वर्षं राहिला, पण तेवढ्यात लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची व्यवस्था उभी राहिली. वाचक येत नाही तर पेटी जाते. तुमच्याच गावाची गोष्ट तुम्हाला सांगतेय.

तेव्हा यादी थांबव. एक पेटी खाली आण. एकच. चाळीसेक पुस्तकं, मोठ्या टायपाची आधी. खिडकीजवळ स्टूल ठेव, माणसाला बसून निवडता आलं पाहिजे. आणि त्या ५८ जणांना फोन कर.

खवचट_खारीक | गुरुवार, सकाळी १०.००

शिक्क्यांचा पुरावा मान्य. निकाल मागे घेतो, पण अपील राखून ठेवतो. शंभरातल्या ५९ पुस्तकांना पुराच्या आधीही कुणी विचारत नव्हतं. त्यांचं काय?

देवघेव_निवृत्त | गुरुवार, दुपारी १२.२५

प्रश्न रास्त आहे. त्यांच्यातली बरीच जातील, जाऊ देत. मी नोकरीत ट्रक भरून पुस्तकं बाद केली आहेत आणि मला झोप लागते.

फक्त धागाकर्ती, टाकण्याआधी प्रत्येकाचं छपाईचं पान बघ. बडोद्यात छापलेलं असेल तर हात लावू नकोस, मग ते कितीही रटाळ असो. संस्थानाने सयाजी साहित्यमालेत मराठी आणि गुजराती दोन्हींत पुस्तकं काढली. मुंबई-पुण्याकडच्या कादंबरीची प्रत कुठेही मिळेल, पण तुमच्या गल्लीतल्या छापखान्यातलं पुस्तक तुमच्याकडे नसेल तर कदाचित कुठेच नसेल. गाइडं खुशाल दे.

आणि पाठी सुटलेल्यांना चिकटपट्टी लावू नकोस. दोन वर्षांत ती पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. गव्हाच्या पिठाची खळ कर, चिमूटभर मोरचूद घाल म्हणजे कीड धरत नाही. घरातलं भांडं वापरू नकोस, मोरचूद विषारी असतं.

राजवाडा_इंदूर | गुरुवार, रात्री ८.४०

अवांतर: मोरचूद शब्द वीस वर्षांनी वाचला. वडील द्राक्षाच्या वेलींवर मारायचे.

बारणं_उघडं | पुढचा मंगळवार, रात्री १०.१५

अपडेट. उशीर झाला, कारण फोन करत होते.

५८ पैकी ३३ फोन लागले. सात घरांतून सांगितलं की ते आता नाहीत. अशा वेळी काय बोलायचं असतं हे बी.लिब.ला शिकवत नाहीत. एका काकांनी मात्र विचारलं, "आईचं एक पुस्तक तुमच्याकडे परत करायचं राहिलंय का?" मी वहीत बघून नाही म्हटलं. ते म्हणाले, "बघा बरं नीट, ती कुणाचं ठेवायची नाही."

बाकीच्यांपैकी बहुतेकांना वाटत होतं की मराठी विभाग पुरात गेला. एक आजी म्हणाल्या, "मी दोनदा आले होते गं. खाली दिसली नाहीत तेव्हा म्हटलं, वाहून गेली असतील. विचारायला जीव झाला नाही."

पेटी म्हणाल तर फरसाणवाल्याकडचा प्लास्टिकचा क्रेट मिळाला, अजून लिल्या (ओलसर) चिवड्याचा वास येतो. त्यात ४२ पुस्तकं बसली. खळ केली, पहिल्या वेळी गुठळ्या झाल्या. पाठीवरचे आकडे नव्याने लिहिले. डेवीच्या वर्गीकरणात (पुस्तकांना विषयवार आकडे द्यायची पद्धत) मराठी साहित्य ८९१.४६ आणि गुजराती ८९१.४७, म्हणजे अगदी आमच्या बिल्डिंगीसारखे भिंतीला भिंत लावून. कोडंवाल्या काकूंनी मान वाकडी करून आकडे वाचले आणि विचारलं, हे कसले भाव लिहिलेत?

शनिवारपासून आजपर्यंत अकरा पुस्तकं बाहेर गेली. अकराच. पण दोन आज्या स्टुलावर बसून तासभर एकमेकींना "हे वाचलंय का, ते वाचलंय का" करत होत्या. परीक्षेवाल्या मुलांनी तीनदा श्श्श केलं, चौथ्यांदा मुलं बाहेर जाऊन बसली. कमिटीपुढे ही तक्रार जाणार बहुतेक.

कमिटीला मी तारखांचा कागद दिला. साहेबांनी चष्मा लावून वाचला, "हं" म्हणाले, आणि दिवाळीपर्यंत मुदत दिली. अभ्यासिका होणारच आहे, त्यामुळे नवातली चार कपाटं ठेवायची आणि पाच रिकामी करायची असं ठरलं. मला वाटतं हे ठीक आहे. सेवऊसळकाका, रागावू नका.

सेवऊसळ_पुणेकर | मंगळवार, रात्री १०.३०

रागावलो नाही. त्या सात प्रतींतली एक मला पाठव, पाठ नसलेली चालेल. पोस्टेज देतो.

खवचट_खारीक | मंगळवार, रात्री १०.५५

अकरा हा आकडा दीड वर्षाच्या शून्यापेक्षा बरा. पण खरी परीक्षा पुस्तकं परत आल्यावर. तीच माणसं दुसरं पुस्तक नेतात का बघा. अपील दिवाळीपर्यंत तहकूब.

बारणं_उघडं | शुक्रवार, रात्री ९.२०

खारीकदादा, पहिली चार परत आली, त्यातल्या तिघांनी दुसरं नेलं.

ताई, एक तांत्रिक अडचण आहे. आज वर्गणीदार नसलेले एक आजोबा पिशवी घेऊन आले. जुन्या बाजारात रद्दीच्या दुकानातून घेतलेलं एक मराठी प्रवासवर्णन त्यांनी क्रेटमध्ये ठेवलं, "तुमचंच आहे" म्हणाले आणि गेले. उघडून बघितलं तर आमचाच गोल शिक्का, आत दाखल क्रमांक, आणि त्यावर लाल शाईत आडवा 'बाद', तारीख १९८७. दाखल नोंदवहीत बघितलं, तिथेही तांबडी रेघ मारलेली आहे. पुस्तक चांगलं धडधाकट आहे. बडोद्यात छापलेलं.

त्याला जुनाच क्रमांक परत देऊ का?

देवघेव_निवृत्त | शनिवार, पहाटे ५.३५

नाही. बाद झालेला क्रमांक पुन्हा वापरायचा नसतो, नोंदवहीत गोंधळ होतो. नवा दे, शेऱ्यात 'भेट' लिही, आणि जुना क्रमांक पेन्सिलीने शेजारी टीप म्हणून ठेव. लाल 'बाद' खोडू नकोस.

त्या आजोबांचं नाव विचारलंस का? भेट नोंदवहीत लागेल.

बारणं_उघडं | शनिवार, सकाळी ९.५०

नाही विचारलं. कुलूप काढायला निघालेय. परत आले तर विचारते.